रावजी अस्वलाची श्वासबंदी

एका जंगलात, बाळांनो, वणव्यापेक्षा अफवा लवकर पसरायची. त्या जंगलात रावजी नावाचे एक अस्वल होते. पोळं उतरवावं तर रावजींनीच. मध गेला हे मधमाश्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं.

पण एके वर्षी त्यांचा उजवा पंजा थरथरू लागला. स्वस्थ बसले की जास्तच. मध तोंडाऐवजी पोटावर सांडू लागला. चाल मंदावली. चेहरा दगडासारखा झाला. जंगल म्हणालं, "रावजींना गर्व चढलाय. हसतसुद्धा नाहीत!"

रावजी आतून हसायचे, पण ते बाहेर पोचायचं नाही.

त्यांची बायको ठकूबाई त्यांना पिंगळाबाई डॉक्टरणीकडे घेऊन गेली. पिंगळाबाईंनी त्यांना चालवलं, बसवलं, रक्ताचा थेंब घेऊन डोळे मोठे करून पाहिला.

"हा कंपवात. शहरात पार्किन्सन म्हणतात. मेंदूत हालचालींना हुकूम देणाऱ्या पेशी मरतायत. आणि तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचंही काहीतरी बिनसलंय."

"म्हणजे?"

"त्या शरीराच्या पहारेकरी. जंतू आला की त्याच्यावर ठिणग्या फेकतात. तुमचे पहारेकरी चोर नसतानाही फेकतायत. त्या विझवायला पाणी कमी पडतंय. आपलंच घर पोळतंय."

"मग हाकला त्यांना!"

"पहारेकरी हाकलले तर चोर येतील, रावजी."

"पण हे आधी रक्तात सुरू झालं की मेंदूत?"

"ते अजून नीट कळलेलं नाही," पिंगळाबाई म्हणाल्या. "हा पाला रोज वेळेवर खा. कडू आहे. रोज चाला. आजार जाणार नाही, पण दिवस सोपे जातील."

रावजी हिरमुसले. एवढी मोठी डॉक्टरीण आणि म्हणते, कळलेलं नाही!

वाटेत साळिंदरबुवांचं प्रवचन चाललं होतं. बुवांना सगळंच कळलेलं होतं.

"लोखंड कशाने गंजतं? हवेतल्या प्राणवायूने! रावजी, तुम्ही आतून गंजलात. तो पाला टाका. माझा 'निर्गंज' रस प्या. आणि मुख्य म्हणजे, श्वास कमी घ्या."

काय पटलं म्हणता जंगलाला! सशांनी श्वास कमी केला आणि भर सभेत तीन-चार ससे आडवे झाले. "समाधी लागली!" बुवा म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ठकूबाई ओरडून दमली. रावजींनी पाला टाकला तो टाकलाच, आणि बुवांचा रस प्यायला लागले.

मग एका सकाळी रावजी ओढ्यावरचा ओंडका ओलांडत होते. मधोमध पाय थिजले. पुढे म्हटलं तरी पाय उचलेना. खाली खडक होते. ओंडका करकरत होता. जंगल काठावर जमलं.

"मन घट्ट करा!" वानर म्हणाले.

"खाली बघू नका!" हरणं म्हणाली.

"श्वास रोखा!" बुवा गरजले.

रावजींनी श्वास रोखला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता पडतोच, असं त्यांना वाटलं. मरण्यापेक्षा सगळ्यांसमोर मरण्याची लाज जास्त वाटली.

तेवढ्यात ठकूबाई गर्दी फोडून ओंडक्याच्या समोरच्या टोकाला उभी राहिली. तिने टाळ्यांचा ठेका धरला.

"अहो, इकडे बघा! डावा... उजवा! डावा... उजवा!"

ठेका कानात शिरला, तसा डावा पाय सुटला. मग उजवा. ठेक्यावर ठेका, पावलावर पाऊल, रावजी काठाला आले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागले.

"रडा," ठकूबाई म्हणाली, "पण श्वास घेत रडा."

दुसऱ्या दिवसापासून रावजींनी पाला सुरू केला. पंजा अजून थरथरतो. पण ठकूबाईने टाळी वाजवली की दोघं ओढ्यापर्यंत फिरून येतात, आणि पोटावर सांडलेला मध आता दोघं मिळून चाटतात.

जंगलात मात्र सभा भरली. 'निर्गंज' प्यायलेलं अस्वल ओंडका ओलांडून सुखरूप आलं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सिंहमहाराजांनी बुवांना 'जंगलभूषण' केलं. पिंगळाबाईंकडे खुलासा मागितला, की जे कळलेलं नाही, ते कळलेलं नाही असं चारचौघांत बोललातच कसं?

तात्पर्य : ज्याला अर्धं कळलंय त्याने खुलासा द्यावा. ज्याला काहीच कळलेलं नाही त्याने सत्कार घ्यावा.