हरकतदार तांडेलकाका

सकाळी साडेसहाला बेल वाजली की समजावं, सरकारने कुठल्यातरी कायद्यातला एखादा शब्द बदलायला काढलाय. दारात तांडेलकाका उभे असतात. हातात पेपरचं कात्रण आणि चेहऱ्यावर लग्नाची पत्रिका वाटायला निघाल्याचा आनंद.

"मास्तर, मसुदा आलाय. तीस दिवसांची मुदत हाय. हरकत घ्यायला लागंल."

सरकार मोठ्या मनाचं. मालमत्ता कर, व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क, कशातही खुट्ट करायचं तर आधी जनतेला विचारतं. फक्त विचारतं अशा जागी, की जनतेला पत्ता लागू नये. पेपरात हरवलेली कागदपत्रं आणि बदललेली नावं यांच्या जाहिरातींच्या मधोमध, मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं, 'पोटकलम दोनमधील “आणि” या शब्दाऐवजी “किंवा” असे वाचावे. हरकती व सूचना कळवाव्यात.' अख्ख्या नेरूळमध्ये हरकत असते ती एकट्या तांडेलकाकांची.

काका मूळचे करावे गावचे. लग्न केलं नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून थोरल्या बहिणीबरोबर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. तिला ते 'बाय' म्हणतात, म्हणून सगळी सोसायटी बायच म्हणते. हरकत घेणं त्यांच्या अंगवळणी इतकं पडलंय, की सत्यनारायणाचा प्रसाद हातावर घेऊनही म्हणतात, "शिऱ्याला हरकत नाय. सूचना हाय, पिकला केला जादा टाका."

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. काका सांगतात, मी कॉम्प्युटरवर टाइप करतो. विषय कोणताही असो, शेवटचा परिच्छेद ठरलेला.

"आनि शेवटी लिवा. घर बक्षीस द्यायला ज्या नात्यांना मुद्रांक शुल्कात सवलत हाय, त्या यादीत बहीन नाय. ती टाका. माज्या बायनं खाडीत उतरून कोलंबी धरली, बाजारात विकली, मना वाढवला. कायदा तिला परकी म्हनतो."

आता व्यवसाय कराच्या पत्रात कोलंबी कशी घालायची? जन्मभर मुलांच्या निबंधातली असली विषयांतरं मी लाल शाईने उडवली. हा परिच्छेदही दर वेळी गुपचूप उडवला. काका न वाचता सही करायचे. म्हणायचे, "मास्तरांनी लिवला म्हंजे झाला."

यंदा मुद्रांक शुल्काच्या नियमांत तांत्रिक बदल निघाले. म्हणजे अर्जाचे नमुने बदलणार होते. नात्यांच्या यादीचा त्यात संबंध नव्हता, म्हणून मी परिच्छेद पुन्हा उडवला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकांना सुनावणीचं बोलावणं आलं.

सुनावणीच्या दिवशी खाली रिक्षा उभी होती. आत बाय, इस्त्रीचं लुगडं नेसून, अंबाड्यात गजरा माळून.

"तिचा नाव सरकारात वाचनार," काका म्हणाले. "तिनं नको का आयकायला?"

तो परिच्छेद तर पत्रात नव्हताच. रिक्षात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

हॉलमध्ये साहेब तीन आणि हरकतदार एक. बाकीच्या खुर्च्यांना बहुधा सगळे बदल मान्य होते. आमच्या दुर्दैवाने साहेब मात्र सज्जन निघाले. त्यांनी पत्र सावकाश, मोठ्याने वाचलं. 'रकाना चारची रुंदी वाढवावी' इथपासून 'आपला विश्वासू'पर्यंत. मग फाइल मिटली.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

तसली सरकारी मराठी बायला काय कळणार? ती काकांकडे कलली. "बाला, माजा कवा येल?"

"आला ना, बाय. शेवटी वाचला."

बायने साहेबांना दोन्ही हात जोडले. साहेबही गोंधळून अर्धवट उठले. "आणखी काही म्हणायचंय?" त्यांनी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "हरकत नाय."

उठून बोलायला हवं होतं मी. शाळेला वक्तृत्वाच्या ढाली मिळवून दिलेला माणूस, पण बसूनच राहिलो. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

परतताना बाय रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. सीवूड्सच्या सिग्नलला तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, तुमी बेस लिवला."

काका बाहेर बघत होते. मी मान हलवली.