कोपऱ्याचं माप

इंद्रलोकमधल्या नव्या फ्लॅटच्या हॉलचा कोपरा वाकडा आहे, हे सगळ्यात आधी बाळकृष्णाला कळलं. देवांसाठी आणलेली तयार मांडणी कोपऱ्यात लावली की मागे फट राहायची, आणि बाळकृष्ण नेमका त्या फटीत पडायचा. शेवटी मनोरमाबाईंनी सगळे देव उचलून मायक्रोवेव्हवर बसवले. पण रविवारी सत्यनारायण होता आणि परळहून मोठ्या जाऊबाई येणार होत्या.

"ताईंनी देव मायक्रोवेव्हवर बघितले ना, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याने, दशरथरावांनी, कंबर कसली. शाळेत भूमितीत आपला हात कोणी धरत नव्हतं, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी कोपऱ्यात पुठ्ठा धरून कोन आखून घेतला आणि सहावीतल्या रुचिताचा कोनमापक त्यावर ठेवला.

"ऐंशी! लघुकोन!"

"बाबा, त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात. तुम्ही चुकीची वाचताय," रुचिता म्हणाली. "काटकोनापेक्षा मोठा दिसतोय ना? मग विशालकोन. शंभर."

"मला शिकवू नकोस. मी भूमिती शिकलो तेव्हा तुझ्या टीचरचा जन्मही झाला नव्हता."

तेवढ्यात शेजारचे जयकुमारभाई आले. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच, तेव्हा कोपरा त्यांचाही वाकडाच होता. "दशरथभाई, माझा पण मापून द्या ने. माझ्या वाइफला, सत्यवतीला, अथाणाच्या, म्हणजे लोणच्याच्या बरण्या ठेवायला सेम टु सेम मांडणी पायजे."

असा मान कोण सोडतो? दशरथरावांनी पलीकडे जाऊन तोही कोन मोजला, तो शंभर भरला, आणि काशीगावच्या हरिश्चंद्र सुताराला दोन्ही आकडे फोनवर कळवून टाकले. रुचिताने कोनमापक परत कंपासपेटीत ठेवला. मोठ्या माणसांपुढे किती बोलायचं!

शनिवारी संध्याकाळी मांडण्या आल्या. दशरथरावांची एका भिंतीला छान चिकटली आणि दुसऱ्या भिंतीपाशी एवढी फट राहिली, की बाळकृष्णच काय, अख्खा देव्हारा आत गेला असता. मनोरमाबाईंनी फक्त मायक्रोवेव्ह पुसायला घेतला, आणि दशरथरावांना ते बोलण्याहून जास्त लागलं.

त्यांनी हरिश्चंद्रला फोन लावला.

"सायेब, तुमी ऐंशी बोललाव, मी ऐंशीचा केला. आता उद्या काय व्हनार न्हाय, माझ्याकडं पोरीचा साखरपुडा हाय."

फोन ठेवतात तोच दारात जयकुमारभाई उभे. "दशरथभाई, आमची मांडणी कोपऱ्यात घुसतच नाय! तो सुतार एकदम बेकार माणूस. आत्ताच त्याला फोन करून झापतो!"

आता गप्प बसलं असतं तर इज्जत वाचली असती. पण पोरीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आपल्या चुकीसाठी त्या बिचाऱ्याने शिव्या खायच्या, हे दशरथरावांना पटेना.

"त्याला काही बोलू नका. मीच उलटा वाचला. तुमचाही आणि माझाही."

रुचिता हळूच म्हणाली, "बाबा, भिंत एकच आहे ना? ती आपल्याकडून जेवढी मागे झुकलीय, तेवढी काकांकडे पुढे. आपला शंभर, त्यांचा ऐंशी. मग मांडण्या बदलूया."

दोन बाप्यांनी मांडण्या उचलल्या आणि पॅसेजमध्ये एकमेकांना घासत अदलाबदल केली. दोन्ही अशा बसल्या, की मागे उदबत्तीची काडीसुद्धा जाईना. मनोरमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि एकेक देव हलक्या हाताने वर ठेवला. पलीकडून बरण्यांचा आवाज आला.

"चुकलो हो, जयकुमारभाई," दशरथराव म्हणाले. "दोन्ही चुकलो."

"अरे, दोन्ही चुकले म्हणून तर वाचलो!" जयकुमारभाई हात जोडत म्हणाले. "तुमचा एक जरी बरोबर आला असता, तर माझी मांडणी कोणी घेतली असती? भगवाननी किरपा, तुम्हाला कायच येत नाय!"

दशरथरावांनी देवांना मनापासून नमस्कार केला. मग रुचिताला केला. आणि इंद्रलोकात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, वाकडी भिंत घालणाऱ्या बिल्डरलाही केला.