भाऊकाकांचा पूर्ण पत्ता

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या माकुणसार गावात ईमेल बंद करायला माणूस स्वतः दारात येतो. हसू नका. मी डोळ्यांनी पाहिलंय.

येतो तो आमच्या शेजारी, भाऊकाकांकडे. तारापूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काकांनी जन्म काढला. तिथून एकच वाक्य घरी आणलं : "लेखी पायजे!" व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे त्यांच्या मते नाक्यावरच्या गप्पा. म्हणून ते आजूबाजूच्या चिकूवाल्यांना रोज ईमेल पाठवतात. हवा कशी, फवारणी कधी, सगळं फुकट.

ज्या परदेशी कंपनीमार्फत या मेल जातात, तिच्या देशात नकोशा मेलविरुद्ध कडक कायदा. प्रत्येक मेलखाली बंद करायचं बटण हवं आणि पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवा. काका तर हरखलेच! पत्ता टाकला, वर 'निळं फाटक, कुत्रा चावत नाही' हेही टाकलं.

आठवड्याभरात वाणगावहून एक बाई हजर. मी ओट्यावरच होतो.

"भाऊ, माजं नाव काढा! शेतात हात मातीत, आन् फोन आपला टिंग टिंग!"

मी म्हटलं, "मावशी, खाली बटण आहे ना?"

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "बटन दाबून जायाचं? मानसाला न सांगता? आमी काय चोर हाव?"

काकांनी चहा टाकला. बाईंनी त्यांना तासभर फैलावर घेतलं, मग त्यांच्या चिकूच्या कलमांना नावं ठेवली आणि दोन कलमं घेऊन गेल्या. नाव काढायचं राहिलंच.

मग रीघ लागली. कुणी केळव्याहून, कुणी थेट पालघरहून, सगळे तणतणत. जो कायदा लोकांना कटकटीतून सोडवायला केला, तो लोकांना रिक्षा करून काकांच्या दारात आणत होता!

पण खरा धक्का पुढे. परवा माझ्याच फोनवर काकांची दिवसातली चौथी मेल आली : 'आधीच्या तीन मिळाल्या का?' म्हणजे म्हातारा मुद्दाम करत होता!

तरी रोज लोकांची बोलणी खाणाऱ्या काकांची मला दयाच आली. मी चौकशी केली आणि मोठ्या रुबाबात निळं फाटक उघडलं. "काका, सुटलात! कायद्याला पोस्टातल्या पेटीचा नंबरही चालतो. घराचा पत्ता काढून टाका. एकही माणूस त्रास द्यायला येणार नाही."

काका चहाची साखर मोजत होते. चमचा हवेतच थांबला. चेहरा असा उतरला की मीच घाबरलो.

"तरास?" काका एकदम बोलून गेले, "अरे, तुजी काकी गेल्यापासून माज्यावर कोन ओरडलंच नवतं!"