बोललं तेच लिवलं

आमच्या अमरावतीच्या सोंगट्या मंडळात शिंकायचीसुद्धा चोरी होती. शिंक ऐकू आली की चिटणीस तुळशीरामजी बोरू उचलून विचारत, "कोन शिंकलं? नाव सांगा जी." सभेत जे कानी पडेल ते दप्तरात, हा त्यांचा नेम. शिवाय डाव मांडण्याआधी मागच्या सभेचं सगळं, शिंकांसकट, वाचून दाखवायचं.

दप्तर कोणीही मागावं, ते नाही म्हणत नसत. पान मात्र स्वतः उलटत. "पाहा, पन तेलकट हात लावू नोका." गैरहजर सभासदाचीही सुटका नव्हती. मी तापानं पडलो, तेव्हा त्यांनी उशाशी बसून अख्खी सभा वाचली. ताप भीतीनंच उतरला, असं आमची ही म्हणते.

एकदा मी कुरकुरलो, "माझ्या घरचे तिळाचे लाडू सगळ्यांनी फस्त केले, ते दप्तरात दिसत नाहीत!"

"खाल्ले सगळ्यायनं. बोललं कोनी नाई, मनून लिवलं नाई."

पुढे तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. आमचे दौलतराव कापसाचे अडते. कालपर्यंत अनवाणी यायचे, ते भिकबाळी घालून येऊ लागले. त्यांना वाचन ऐकायला सवड कुठली! एका सभेत ते उठलेच.

"या बुढ्याले काढा. याच्या वाचनानं जीव उबगून राहिला माहा. नवा चिटणीस पाहा."

तुळशीरामजींनी शब्दन् शब्द लिहिला आणि उभं राहून खणखणीत आवाजात वाचला. "'या बुढ्याले काढा...' बराबर लिवलं ना जी?"

दौलतराव पागोटं चाचपू लागले. मीच विचारलं, "तुळशीरामजी, तुमचं काही म्हणणं?"

"येकच. उद्यापासून संध्याकाळी म्या कुठी जावं, हे राहिलं. बायको गेली, पोरगी तेल्हाऱ्याले देल्ली. पन त्याचं कोनी बोललं नाई, मनून लिवलं नाई."

"लिवा," दौलतराव नाक ओढत म्हणाले. "तुळशीरामजीनं इथंच यावं. चिटणीस मनूनच यावं."

बोरू शाईत बुडाला. "अनुमोदन कोनाचं?"

सगळ्यांचे हात वर गेले. त्यांनी एकेकाचं नाव लिहिलं, दौलतरावांचं नाक ओढणंही लिहिलं, आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्या दिवशी एकही डाव झाला नाही.