दहा बाय आठची खोली

मुलगी परदेशी निघाली की बापानं एक तर रडावं, नाही तर उपयोगी पडावं. मी उपयोगी पडायचं ठरवलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

आमची लेक एका मोठ्या शहरात नोकरीला निघाली होती. केवढं मोठं? तर तिथं या टोकाकडून त्या टोकाला जायला आमच्या घरून तिच्या मावशीकडे जाण्याइतका वेळ लागतो म्हणे. (मावशीकडे जाताना आम्ही डबा बरोबर घेतो.) अशा ठिकाणी एकटीनं राहायचं, म्हणजे व्यवहाराच्या चार गोष्टी कुणीतरी सांगायला हव्यात. त्या मी सांगायच्या, असं मीच ठरवलं. मी स्वतः कधी परदेशात गेलेलो नाही, पण त्या वेळी मला ही काही अडचण वाटली नाही.

"कागदपत्रांच्या चार-चार झेरॉक्स काढून ठेव," मी सुरुवात केली. "पत्ता तोंडपाठ कर. कुलपाची दुसरी किल्ली करून घे. आणि पहिल्या दिवशीच जवळचा दवाखाना बघून ठेव."

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बाबा, हे सगळं माझं मागच्या महिन्यातच झालंय. तुम्ही फक्त हे बघा. ही खोली मिळतेय मला."

आणि तिनं फोनवर खोलीचा नकाशा दाखवला.

आता नकाशा म्हणजे माझा प्रांत. लोकांच्या घरांचे नकाशे तपासणाऱ्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं आरेखक आहे. एरवी घरात माझा आवाज म्हणजे शिंक, पण नकाशा दिसला की मला कंठ फुटतो. दहा बाय आठची खोली होती. मी टेप आणि खडू काढला, सोफा भिंतीला लावला आणि हॉलच्या फरशीवर ती खोली अख्खीच्या अख्खी आखली. पलंग, कपाट, खिडकी, दार, सगळं मापात. मग नकाशाची प्रिंट काढून तिच्यावर 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. (सवय हो, दुसरं काय!)

"रोज संध्याकाळी सहा ते आठ या खोलीत राहायचं," मी लेकीला सांगितलं. "नव्या जागेत माणूस पंधरा दिवस कोपरं आपटून घेतो. तू ती इथंच आपटून घे."

पहिल्याच संध्याकाळी बायको चहा घेऊन सरळ आत आली.

"अगं, भिंत! भिंतीतून आलीस तू!"

"चहा हवाय की भिंत हवीय?"

त्यानंतर ती कप खडूच्या दाराबाहेर ठेवायची आणि स्वयंपाकघरातून ओरडायची, "पार्सल आलंय!"

शेजारचे निवृत्त हेडमास्तर लेकीला शुभेच्छा द्यायला आले आणि वीस मिनिटं कपाटात उभं राहून बोलले. मी बराच वेळ कळ काढली. शेवटी राहवेना. म्हटलं, "सर, रागावू नका, पण आपण कपाटात उभे आहात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. "तब्येत बरी आहे ना यांची?"

"मुलगी जातेय," बायको म्हणाली.

सरांनी मान हलवली आणि ते मुकाट्यानं कपाटातून बाहेर आले. भला माणूस.

खरी पंचाईत केली ती कामवाल्या मावशींनी. त्या रोज सकाळी फरशी पुसायच्या आणि त्याबरोबर खोलीही. मी रोज संध्याकाळी गुडघे टेकून परत आखायचो. चौथ्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी पांढरा ऑइलपेंट आणला आणि विषय कायमचा मिटवला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (त्यामुळे पेंट नीट वाळला.)

पेंट लावला त्याच संध्याकाळी लेक दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, त्या खोलीचं जरा बोलायचं होतं."

"मंजूर नकाशावर चर्चा नाही," मी म्हणालो. आमच्या ऑफिसात असंच असतं. एकदा सही झाली की तो कागद परत कुणी उघडत नाही.

तिनं आईकडं पाहिलं. आईनं पंख्याकडं पाहिलं. मग लेक आत येऊन पलंगावर, म्हणजे गादीवर, बसली.

आता एक कबूल करतो. त्या खोलीत माझा एक स्वार्थ होता. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये अठ्ठावीस इंच जागा सुटत होती. एवढ्या जागेत एखादा वडीलधारा, सुस्वभावी, फारसा न घोरणारा पाहुणा झोपू शकतो का, हे मला बघायचं होतं. घरात कुणी नसताना मी तिथं आडवा झालो. मावलो! इतका आनंद झाला की तसाच पडून राहिलो. नेमकी तेव्हाच बायको आली.

"हे काय चाललंय?"

"वारा कुठून येतो ते बघतोय."

लेकीबरोबरच्या त्या सगळ्या संध्याकाळी मात्र फार गोडीत गेल्या. ती गादीवर, मी खुर्चीवर, गुडघ्याला गुडघा लागलेला. दुसरीकडं सरकायला जागाच नव्हती, कारण भिंत होती. एकदा मी तिला सांगून टाकलं की बाविसाव्या वर्षी मलाही दूरच्या गावी नोकरी लागली होती आणि मी नवव्या दिवशी परत आलो होतो. नोकरी वाईट होती असं सगळ्यांना सांगितलं. नोकरी उत्तम होती. मला घराची आठवण यायची, एवढंच. हे मी तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

ती हसली नाही. "मग मला जाऊ नको असं का म्हणत नाही तुम्ही?"

"तू माझ्यासारखी नाहीस म्हणून," मी म्हणालो. पुढं पुष्कळ बोलायचं होतं. ती गेल्यावर या घरात मी काय करू, असं विचारायचं होतं. त्याऐवजी म्हणालो, "दाराची बिजागरी डावीकडं आहे, लक्षात ठेव."

विमानतळावर बायको रडली, लेक रडली आणि मी बॅगेचं वजन परत एकदा बघून घ्यायला सांगितलं. घरी आल्यावर बूटही न काढता त्या खोलीत जाऊन बसलो. दारातून गेलो.

मग घर खायला उठलं. लेकीचे फोन यायचे ते आईला. माझ्या वाट्याला यायचं, "बाबांना सांग, मी बरी आहे." सहाला घड्याळाकडं बघायचं आणि आठला उठायचं, एवढंच काय ते काम उरलं होतं. दुसऱ्या रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा बायकोनं पहिल्यांदा फोन माझ्या हातात दिला. लेकीनं खोली फिरवून दाखवली. एक लांबुळकी, निमुळती खोली. कपाटाच्या जागी खिडकी.

"कपाट कुठाय?" मी ओरडलो. "आणि ही भिंत कुणाला विचारून हलवली?"

"बाबा, ही ती खोली नाही. ती दुसऱ्या कुणाला तरी दिली. तुम्ही पेंट केलात त्याच दिवशी कळलं."

"मग सांगायचं नाही का?"

"आले होते सांगायला. मंजूर नकाशावर चर्चा नाही म्हणालात."

माझा चेहरा कसा झाला होता, ते मला फोनच्या कोपऱ्यात दिसत होतंच.

"अगं, मग पुढचे पंधरा दिवस रोज दोन-दोन तास त्या भलत्याच खोलीत कशाला बसलीस?"

"घरात दुसरीकडं कुठंच तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात ना, बाबा."

या वेळी बिजागरीसुद्धा आठवेना.

"करमत नाही गं," मी म्हणालो. तिच्या चोवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"मलाही नाही करमत," ती म्हणाली. माझ्या पाठीमागं बायको नाक ओढत होती.

मग मी सावरलो. "बरं, या नव्या खोलीचा नकाशा पाठव. पाहुण्याच्या झोपण्याची जागा बघून घेतो. म्हणजे पुढं-मागं यायचं झालं तर..."

"ते झालंय माझं," बायको मागून म्हणाली. "पलंगाशेजारी दोन विती आणि चार बोटं जागा आहे. पोरीनं तिथं मोजली. तुम्ही काल दुपारी झोपला होतात तेव्हा मी तुम्हाला मोजलं. तुम्ही मावत नाही. मी मावते. पुढच्या महिन्यात मी जातेय."

सव्वीस वर्षं लोकांचे नकाशे तपासणाऱ्या माणसानं वितीबोटांचं माप मान्य करायचं म्हणजे हद्दच झाली. मी ताडकन उठलो, टेप आणली आणि स्वतःला दोनदा मोजलं.

दोन इंच जास्त भरलो.