सपोर्ट समाप्त

मोटघरेजींच्या फ्रिजवर चिठ्ठी आहे: 'सपोर्ट समाप्त. आपापल्या जबाबदारीवर उघडणे.' तशीच एक मिक्सरवर, एक छत्रीवर. साठाव्या वाढदिवशी त्यांनी स्वतःच्या खिशालाही एक लावली होती: 'फक्त दुरुस्ती चालू. नवीन सुविधा मिळणार नाहीत.'

स्टील प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या नेहरू नगरच्या गल्लीत फुकट मिळणारी, खुली ऑपरेटिंग सिस्टीम घरोघरच्या कॉम्प्युटरवर बसवून दिली. तिच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. मुदतीत चोरवाटा बुजवणारे अपडेट येतात. नंतर मशीन चालतं, पण राखण बंद. या मुदतींची यादी माझ्याकडे. घर, मशीन, आवृत्ती, शेवटची तारीख. चार रकाने, शेरा नाही.

तारीख जवळ आली की मोटघरेजी दारात हजर. एकदा साहूंकडे सत्यनारायणाच्या कथेतच पोचले. "पूजा चालू द्या हो, मी कोपऱ्यात अपग्रेड करून राहिलो."

साहूबाई वैतागल्या. "भैया, अभी तो चल रहा है ना!"

"कुलूप तुटलेलं दारही चालते, भाभी!" मग प्रसाद हातात घेऊन हळूच मला, "शिरा आजचाच आहे ना, वहिनी?"

सगळ्यांना त्यांनी पाच वर्षं राखण असलेली आवृत्ती दिली. दुसरीही एक निघते, तिची राखण जेमतेम नऊ महिने. तिचं नाव काढलं तरी ते उखडत. "ते हौशी लोकाइचं काम. आपल्याले टिकाऊ पायजे."

घरात ते एकटेच. मुलगी प्राची हैदराबादला नोकरी करते. मागच्या महिन्यात ती लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा मी म्हटलं, हिचंही नाव यादीत घेऊ. वही उघडली. "शेवटची तारीख?"

मोटघरेजी पुटपुटले, "नऊ महिने."

"पाहा ना काकू," प्राची म्हणाली. "साऱ्या गल्लीले पाच वर्षं, मग मलेच कावून नऊ महिने? अन् दरवेळी इथंच आणा म्हणतात. नेटवरून होतच नाही म्हणे."

माझ्या मुलाचं पुण्यातलं मशीन त्यांनी इथं बसून, नेटवरूनच केलं होतं.

मोटघरेजी चार्जरची वायर गुंडाळत होते. पूर्ण गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळायला घेतली. माझ्याकडे मात्र बघेनात.

"तुझ्या मशीनचं वेगळं आहे बाई," मी म्हटलं. "त्याले घरीच आणावं लागते."

प्राचीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या हातातल्या वायरकडे.

"बरं," ती म्हणाली. "मग पुढची तारीख सांगा बाबा. आत्ताच सुट्टी टाकून ठेवते."

मोटघरेजींनी कॅलेंडरकडे न बघता तारीख सांगितली, वारासकट.

मी ती लिहून घेतली. शेजारी पाचवा रकाना आखला आणि शेरा टाकला: 'मशीन घरीच आणणे आवश्यक.'