हात लावला की खेळायचं

बुद्धिबळ उत्तम खेळणारा माणूस आयुष्यात कधी घाई करत नाही, हे सर्वमान्य सत्य आहे. (घाई करणारे कॅरम खेळतात.) म्हणूनच पाणीपुरवठा कार्यालयाच्या हेडक्लार्कांनी जेवणाच्या सुट्टीत पट मांडायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

हेडक्लार्क हाडाचे खेळाडू. त्यांनी सगळ्यांना पहिला नियम शिकवला: मोहऱ्याला हात लागला की ते खेळलंच पाहिजे. कर्मचारीवर्गाने तो इतका मनावर घेतला की हळूहळू तो फायलींनाही लागू झाला. फाइलला हात लावला की ती पुढे सरकवणं आलं. मग उगाच हात लावतो कोण? अख्खं कार्यालय हनुवटीला मूठ टेकवून विचार करू लागलं. चुका शंभर टक्के थांबल्या. (कामंही तितकीच थांबली, पण अहवालात त्याला रकाना नव्हता.) धूळ झटकायची सोय मात्र होती. खेळात मोहरं नुसतं नीट बसवताना सांगतात तसं आधी मोठ्याने "फक्त सरळ करतोय" म्हणायचं, कागद नीट बसवायचा आणि हात मागे घ्यायचा.

अशात हेडक्लार्कांच्या घरचा नळ कोरडा पडला. बायकोने रीतसर तक्रार दिली. ती त्यांच्याच टेबलावर आली.

"अहो, खालून बादल्या आणून कंबर गेली माझी. तुमच्यासमोरच आहे ना तो कागद?"

"आहे गं. पण पुढच्या चाली बघाव्या लागतात. साहेब विचारतील, बाकीच्यांचं का नाही केलं? मग बाकीच्यांचंही करावं लागेल."

"मग करा की!"

हेडक्लार्कांना वाईट वाटलं. इतकी वर्षं संसार करून हिला खेळ कळला नव्हता.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी मन घट्ट केलं. हात तक्रारीवर गेला. कार्यालयाने श्वास रोखला.

"फक्त सरळ करतोय," हेडक्लार्क म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी ते घरी परतले, तर बायको जिन्यात पडलेली, बादली खाली घरंगळलेली. शेजारपाजारचे लोक हात मागे बांधून विचार करत उभे होते. हेडक्लार्क पुढे झाले. ते वाकले. तिची एक चप्पल लांब उडाली होती, ती त्यांनी दुसरीशेजारी सरळ लावून ठेवली.

वाचकहो, तुम्हाला त्यांचा राग आला असेल. यायलाच हवा. पण तुमच्यासमोरही कधीपासून काहीतरी पडलंय. आठवलं ना? तरी तुम्ही आधी ही गोष्ट शेवटपर्यंत वाचलीत. छान खेळता.